कैरोला यावं का, ताई?

बावीती, ३ सप्टेंबर १९८९

अत्तियातताई,

नऊ वर्षांनी पत्र, आणि तेही माझं. उघडण्याआधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील. पत्ता हाजी रिझ्कने दिला. उन्हाळ्यात स्वतःच्याच बसखाली त्याचा पाय सापडला, तो नेमका तुमच्या इस्पितळात येऊन पडला. परत आल्यावर कुबड्या टेकत आमच्या ओसरीवर चढला आणि आईला म्हणाला, "उम्म अत्तियात, तुझ्या लेकीला अख्खा वॉर्ड घाबरतो. मला म्हणाली, हाजी, पाय हलवलात तर दुसराही बांधून टाकीन." आई आधी हसली. मग आत जाऊन बराच वेळ बाहेरच आली नाही.

फोन का केला नाही असं विचारशील. बावीतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अकरा वर्षं बसलेय. फोनवर कोण कोण ऐकतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कारण ऐकणारी मीच असते.

बाबा गेले ते हाजीने तुला सांगितलंच. तीन वर्षं झाली. दुकानात पोत्यावर बसल्या बसल्या गेले, त्रास झाला नाही. तुला कळवायचं तर पत्ता नव्हता.

आता कामाचं. इथे आपोआप चालणारं एक्स्चेंज येतंय. कैरोहून वसफी नावाचा इंजिनिअर येऊन भिंतीची मापं घेतोय. मी विचारलं, "माझं काय?" तर म्हणतो, "बाई, या यंत्राला चहा लागत नाही आणि ते कुणाचं ऐकतही नाही." मग मला वाईट वाटेल असं आपण बोललो हे त्याच्या लक्षात आलं, आणि खरं ते सांगितलं. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. इथल्याच पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायचं, नाहीतर कैरोच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये बदली घ्यायची, नंबर विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायला. राहायला तिथे बायकांचं वसतिगृह आहे. एक डिसेंबरच्या आत कळवायचंय.

माझ्या ओळखीत कैरोला जाऊन टिकलेलं माणूस एकच, ते म्हणजे तू. म्हणून विचारते. पाचव्या मजल्यावर माणसं कशी राहतात? कपडे कुठे वाळत घालतात? शेजारणीचं नाव माहीत असतं का? दुकानात बसून कोशरी खायला बाई एकटी गेली तर लोक बघतात का? आणि सकाळी खिडकी उघडली की पहिला वास कसला येतो?

माझ्यावर रागावलेली असलीस तरी एवढ्याची उत्तरं दे.

इन्शिराह


बावीती, २५ सप्टेंबर

ताई,

तुझ्या पाच ओळी मिळाल्या. "ये किंवा येऊ नकोस, मला कशाला विचारतेस" ही पहिली ओळ आईला वाचून दाखवली नाही. तिला वाचता येत नाही, त्याचा एवढा फायदा. पण शेवटच्या ओळीत उत्तर दिलंसच! कपडे बाल्कनीतल्या दोरीवर वाळतात आणि खाली पडले तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन मागावे लागतात. ही ओळ आईने चार वेळा वाचायला लावली.

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला अत्तियातचे सगळे कपडे ठाऊक," आई म्हणाली. "मग शेजार आहे म्हणायचा."

तुला वाटत असेल, मी घाबरतेय आणि आई माझा पाय ओढतेय. उलटं आहे. मी कागदाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला जाण्याचे फायदे लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूला तोटे. आई खजूर निवडत शेजारी बसली होती.

"काय लिहितेस?"

"जावं की न जावं ते."

"मग माझंही लिही. मला ट्राममध्ये बसायचंय."

"आई, हे तुझं नाही, माझ्या नोकरीचं आहे."

"तू काय मला इथे जर्दाळूच्या झाडाला बांधून जाणार आहेस? लिही, ट्राम. फायद्याच्या बाजूला."

लिहिलं. सध्या यादीत असं आहे, की तिथे मला 'बाबांची धाकटी' म्हणून कुणी ओळखणार नाही. हे मी दोन्ही बाजूंना लिहिलंय, कारण सकाळी ते फायदा वाटतं आणि संध्याकाळी तोटा. इथे गरम पाण्याच्या झऱ्यावर बायकांच्या वेळेला मी गुडघ्यांपर्यंत पाय सोडून बसते, तसं तिथे कुठे बसायचं? इथे तिकिटांच्या खिडकीत मला साठ वर्षांपर्यंतचा प्रत्येक दिवस आत्ताच दिसतो. तिथला उद्याचासुद्धा दिसत नाही, आणि नवल म्हणजे त्याचीच भूक लागलीय.

खरं सांगू? मी कैरो कधी पाहिलं नाही, पण ऐकलंय. तिकडच्या एक्स्चेंजमध्ये खैरिया म्हणून एक ऑपरेटर आहे. अकरा वर्षांत आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिच्या सासूचं पित्त मला माहीत आहे आणि माझी डोकेदुखी तिला. ती बोलत असते तेव्हा तिच्यामागून हॉर्न, विक्रेत्यांच्या आरोळ्या, कुणाचं तरी भांडण, सगळं येतं. लाइन बंद झाली की माझी खोली एकदम पोकळ वाटते. मी तिला विचारलं, एवढ्या आवाजात तुला विचार कसा करता येतो? म्हणाली, "अगं, विचार करायला लागू नये म्हणूनच तर आवाज."

यावर तू काय म्हणतेस?

इन्शिराह


बावीती, १६ ऑक्टोबर

ताई,

या वेळी चार पानं! पोस्टमनने पाकीट हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "आत काय, विटा?"

खजुराची तोड चालू आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही, तरी आईने सगळी कामं टाकली. तुझ्या दोन मुली. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. हाजीला स्वतःच्या पायापलीकडे काही विचारायचं सुचलं नाही. धाकटी रबाब चार वर्षांची आणि मोठी सात वर्षांची, आणि मोठीचं नाव तू वहीबा ठेवलंस. आईचं नाव. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा आई म्हणाली, "मला कशाला हाक मारतेस, ऐकतेय ना मी." मी पुन्हा वाचलं. मग तिला कळलं. तिने हातातला खजूर परातीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

तू फायदे-तोटे मोजून लिहिले नाहीस. फक्त झालं ते लिहिलंस, त्याने मला जास्त कळलं. पहिल्या वर्षी तू सहा दिवस तापाने पडून होतीस आणि कुणी दार वाजवलं नाही. आणि त्याच वर्षी तू संध्याकाळी नदीकाठाने एकटी तासभर चालत गेलीस, आणि कुणी विचारलं नाही, कुणाची गं तू, कुठे निघालीस. "दोन्हीचं कारण एकच होतं," असं तू लिहिलंस. तेवढीच ओळ मी यादीखाली उतरवून घेतली. बाकी यादी आता पोरकट वाटते.

मेहुणे मुनइमभाई शिंपी आहेत आणि सकाळचा पहिला वास त्यांच्या इस्त्रीचा असतो, हेही कळलं. मी वाटेल ते वास मनात आणले होते, इस्त्री सुचली नव्हती.

आई आता रोज प्रश्न करते. पाचव्या मजल्यावर पाणी चढतं का? कोंबडी ठेवता येते का? मुलींचे केस कसे आहेत, तुझ्यासारखे की माणसांसारखे? कुणी मेलं तर दुखवट्याचा मांडव कुठे घालतात? मी म्हटलं, तुला आत्तापासून कशाला हवंय? म्हणाली, "जागा आधी बघून ठेवावी."

तिसऱ्या पानावर तू फोनचं जे लिहिलंस, त्याबद्दल पुढे लिहीन. आत्ता खजुराच्या कामातून वेळ नाही.

इन्शिराह


बावीती, ३० ऑक्टोबर

ताई,

वेळ होता. हिंमत नव्हती.

तू लिहिलंस: "मी चार वेळा फोन लावला. चारही वेळा तुम्ही कुणी उचलला नाहीत, म्हणून पुढे सोडून दिलं." आईला पत्र वाचून दाखवताना मी हे वाक्य गाळलं. त्यानंतर दोन आठवडे मी यादीत तोटे लिहीत बसलेय: गर्दी, धूर, भाडं, पाचवा मजला. सगळे खोटे नाहीत, पण खरा तोटा मी लिहिलाच नव्हता. कैरोला आले तर तुझ्यासमोर बसावं लागेल आणि तू हे मला विचारशील.

दुकानात घंटा वाजलीच नव्हती, ताई. मी वाजवली नव्हती.

पहिला फोन बाबांच्या सांगण्यावरून. तू नर्सिंगला म्हणून गेलीस आणि तिथेच लग्न केलंस हे कळलं, त्या आठवड्यात ते एक्स्चेंजमध्ये येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. म्हणाले, "तिचा फोन आला तर जोडायचा नाही." मी जोडला नाही. हे मी त्यांच्यावर ढकलू शकते.

पुढचे तीन माझे. दुसरा फोन आला तोवर बाबा निवळले होते. दुकान बंद करून घरी येताना माझ्याकडे डोकवायचे, टोपी काढायचे, पुन्हा घालायचे आणि विचारायचे, "आज कैरोहून काही?" मी म्हणायचे, "व्यापाऱ्यांचे दोन." ते म्हणायचे, "बरं." असं किती वेळा झालं ते आठवत नाही. आठवू नये म्हणून फार कष्ट घेतलेत.

का केलं? माझी गीझाच्या अध्यापिका विद्यालयात निवड झाली होती, तुला ठाऊक आहे. तू गेलीस आणि बाबा म्हणाले, एक मुलगी शहराला दिली तेवढी पुरे. माझी ट्रंक बांधून तयार होती, ती उघडून आईने त्यात गोधड्या ठेवल्या. एक्स्चेंजवरची हंगामी नोकरी कायमची झाली. मग तू कैरोतून फोन करायचीस, आणि तो फोन जोडायला बसलेली मी. तुझा आवाज मला ऐकूसुद्धा यायचा नाही, फक्त खैरिया सांगायची, "शुब्राहून बावीती सतरा." आपल्या दुकानाचा नंबर. मी चार श्वास थांबायचे आणि म्हणायचे, "उत्तर नाही."

तिसऱ्या वेळी खैरिया म्हणाली होती, "पुन्हा बघ ना, बाई म्हणतेय गोड बातमी आहे." मला तेव्हा वाटलं, नोकरीत वर चढली असशील. मी म्हटलं, "उत्तर नाही." तो एप्रिल होता, ब्याऐंशीचा. तुझ्या मागच्या पत्रात वहीबाचा जन्म एप्रिलमधला आहे हे वाचलं, तेव्हा पत्र खाली ठेवून मी बोर्डावरच्या सगळ्या दोऱ्या काढून पुन्हा लावल्या. हातांना काहीतरी काम हवं होतं.

आणि बाबा गेले तेव्हा तुझा पत्ता नव्हता हेही अर्धंच खरं. खैरियाला सांगितलं असतं तर तिने दोन दिवसांत शोधून दिला असता. मग तू आली असतीस आणि फोनचं बोलणं निघालं असतं.

माफी मागायला शब्द आहेत, पण ते मी लिहिले तर तुला 'असू दे' म्हणावं लागेल. तसं तुला म्हणायला लावायचं नाहीये.

इन्शिराह


बावीती, २६ नोव्हेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी काल आली. "आईला पाठव. तू नको." बरोबर आहे.

आईला मी सगळं सांगितलं. तुझ्या चिठ्ठीची वाट न पाहता, मागच्या आठवड्यातच. ती चुलीपाशी होती. ऐकून घेतलं आणि पाव शेकत राहिली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं ताट मात्र वाढून ठेवायची, ते जास्त जड गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नऊ वर्षं मी प्रत्येक ईदला त्या पोरीला बोल लावले. माझी जीभ माझी होती, पण त्यात शब्द तू घातलेस."

मी म्हटलं, "हो."

"तुझा बाप रोज तुला विचारायचा. मला घरी येऊन सांगायचा, आज फोन नाही. मग जेवायचा नाही नीट."

"हो आई."

"नुसतं हो हो काय करतेस? रड तरी."

मग आम्ही दोघी रडलो, पण एकत्र नाही. ती आत, मी बाहेर.

शनिवारी, दोन डिसेंबरला ती हाजी रिझ्कच्या बसने निघते. खिडकीजवळची जागा धरून ठेवलीय. खजूर, सुकवलेले जर्दाळू, ऑलिव्ह, आणि नको म्हणत असतानाही एक जिवंत कोंबडी. हाजी म्हणतो, कोंबडीने गोंधळ घातला तर वाटेत उतरवीन. आई म्हणते, मलाही उतरव मग. स्टँडवर मुनइमभाईंना पाठव, तिला गर्दीत पायऱ्या दिसत नाहीत. तिला कळू देऊ नकोस की मी हे लिहिलं.

आणि एक कळवायचं आहे. काल मी वसफीसाहेबांकडे कागद दिला. कैरो.

रागावू नकोस. तुझ्या घरी येणार नाही, तुझ्या इस्पितळाच्या रस्त्यालाही नाही. तू म्हणशील, मग येतेसच कशाला? मीही स्वतःला विचारलं. यादी काढून पाहिली. तोटेच जास्त आहेत. पण इथली खिडकी मी मागितली तर ती माझ्या अपराधाची शिक्षा म्हणून मागितली असं होईल, आणि मग आयुष्यभर मी त्या शिक्षेचंही बिल कुणावर तरी फाडीन. एकदा फाडून झालंय. मला ते शहर बघायचंय, ताई. एकतिसाव्या वर्षी, कुणी न बोलावता. बाकी काही कारण नाही.

इन्शिराह


कैरो, १९ जानेवारी १९९०

ताई,

इथे आल्यापासून आज पहिल्यांदा लिहिते. न लिहिण्याचं ठरवलं होतं, पण तुझ्या मुलीची गोष्ट आहे, तुला कळवणं भाग आहे.

मी वसतिगृहात चौथ्या मजल्यावर राहते. खोलीत तिघी, एक तांताची, एक सुएझची. पहिले आठ दिवस मी रस्ता ओलांडायला घाबरत होते. तांताची म्हणाली, "गाड्यांकडे बघूच नकोस, त्यांना वाटू दे की तू वेडी आहेस." तसं केलं, पोचले. कोशरी एकटीने बसून खाल्ली. कुणी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी हायसं वाटलं, तिसऱ्या दिवशी वाटलं कुणीतरी एकदा बघावं.

खैरिया भेटली. मी तिला उंच, सडसडीत समजत होते. ती माझ्या खांद्याएवढी आणि दारात मावत नाही. मला मिठी मारून म्हणाली, "तू एवढी काळी असशील असं आवाजावरून वाटलं नव्हतं गं." त्या फोनांचं मी तिलाही सांगितलं. तिने स्टोव्हवर चहा ठेवला. मग म्हणाली, "मला कधीतरी शंका आली होती. उत्तर नाही म्हणताना तुझा आवाज बारीक व्हायचा." तिने मला चहा दिला, पण त्या दिवशी साखर विचारली नाही.

नंबर विचारणारे दिवसाला शेकडो. एक म्हातारा रोज फोन करून एकच नंबर विचारतो, मेलेल्या भावाचा. मी रोज सांगते.

आता गोष्ट. काल दुपारी वसतिगृहाचा शिपाई वर आला, म्हणाला, "खाली एक बाई तुमच्यासाठी भांडतेय." आई! दरवानाला सांगत होती, "माझी लेक वर आहे, तुझी परवानगी कशाला?" तुमच्या शुब्राहून ट्रामने आली, स्वतः, फक्त दोनदा चुकून. आणि बोट धरून वहीबा.

ताई, तिच्या हनुवटीवर बाबांची खळी आहे. तू लिहिलं नव्हतंस.

आई बाकावर बसून धापा टाकत होती, म्हणून पोर माझ्यासमोर उभी राहिली. नखशिखान्त बघितलं मला. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचे नंबर पाठ केलेत?"

मी म्हटलं, "नाही गं, वहीत असतात."

"आमचा आहे?"

"तुमच्याकडे फोन नाही."

"अब्बू घेणार आहेत." मग, "आजी म्हणते तुम्ही तिची मुलगी. मग तुम्ही माझ्या कोण?"

आईने तोंड उघडलं होतं. मी डोळ्यांनी तिला थांबवलं. तो शब्द मी स्वतः उचलून घेणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "घरी गेलीस की तुझ्या आईला विचार."

ती मान हलवून आजीबरोबर निघून गेली. आज ना उद्या ती तुला विचारेल. तू जे सांगशील ते मला मान्य आहे. काहीच सांगितलं नाहीस तरी.

इन्शिराह


कैरो, २ फेब्रुवारी १९९०

ताई,

आज दरवानाने एक पाकीट दिलं. आत रेघांच्या वहीचं पान. वहीबाने लिहिलंय की शुक्रवारी अब्बू दुकान लवकर बंद करतात, घरी मुलूखियाची भाजी असते, कोंबडी आजीने कापू दिली नाही, आणि तुम्हाला रस्ता माहीत नसेल तर आजी ट्रामच्या थांब्यावर उभी राहील.

सुरुवातीला तिने 'प्रिय मावशी' लिहिलंय. 'मावशी' लिहिताना तिची चूक झाली होती. कुणीतरी तो शब्द खोडून वर शाईने नीट लिहिलाय, ठसठशीत, शेवटचं अक्षर खाली ओढून. शाळेत माझ्या वह्या तूच तपासायचीस, ताई. ते अक्षर मला कुणी सांगावं लागत नाही.

येते.